ओरांगउटानचं पिल्लू आठ वर्षं आईला का सोडत नाही?

पाणकणीस (धागालेखिका):

गेल्या ऑगस्टमध्ये कालिमांतानला जाऊन आले. बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडचा भाग तो कालिमांतान. कुमाई बंदरातून क्लोटोक नावाच्या लाकडी होडीत बसायचं आणि सेकोन्यर नदीतून तांजुंग पुटिंग राष्ट्रीय उद्यानात शिरायचं. मोठ्या नदीचं पाणी गढूळ आहे. कॅम्प लीकी या ओरांगउटान संशोधन केंद्राकडे जाणारा फाटा लागला की ते एकदम कोऱ्या चहासारखं काळं होतं, आणि तरीही नितळ. शतकानुशतकं साचून राहिलेल्या पानाफांद्यांचा अर्क उतरलेला असतो त्यात.

तिसऱ्या दिवशी सकाळी जे बघितलं त्यासाठी हा धागा. एक मादी आणि तिचं पिल्लू. वाटाड्याच्या मते पिल्लू पाचेक वर्षांचं होतं. दोन झाडांमध्ये मोठी फट होती. मादीने ज्या बारीक झाडावर ती बसली होती ते आपल्या वजनाने झुलवायला सुरुवात केली, पुढे, मागे, पुन्हा पुढे, आणि पलीकडची फांदी हातात आल्यावर ती थांबली. गेली नाही. दोन्ही झाडं धरून आडवी ताणून राहिली. पिल्लू सावकाश तिच्या पायावरून, पाठीवरून, डोक्यावरून चालत पलीकडे गेलं. मग तिने मागचं झाड सोडलं. ते सळसळत पूर्वीच्या जागी गेलं, त्या आवाजाने मी भानावर आले.

परत आल्यापासून मिळेल ते वाचते आहे. पिल्लू सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त, आईबरोबर राहतं. मादीला पहिलं पिल्लू साधारण पंधराव्या वर्षी होतं आणि दोन बाळंतपणांत सात ते नऊ वर्षांचं अंतर असतं. सस्तन प्राण्यांत इतकं मोठं अंतर दुसऱ्या कुणाचं नाही. जंगली ओरांगउटानच्या दातांवरून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आईच्या दुधातलं बेरियम हे मूलद्रव्य वाढत्या दातांच्या थरांत उतरतं, झाडाच्या वर्तुळांसारखं. त्यावरून कळलं की एक पिल्लू आठ वर्षं उलटून गेल्यावरही दूध पीत होतं. मला सगळ्यात भिडलं ते पुढचं: बेरियम दरवर्षी कमीजास्त होत होतं. रानात फळं असली की पिल्लू फळं खायचं, फळं संपली की पुन्हा आईकडे वळायचं.

एवढी वर्षं आई काय शिकवते, ते रान कसं आहे, आणि आई गेली तर काय होतं, यावर ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहावं ही विनंती.

टिटवी:

पाणकणीसताई, तो पुलाचा प्रसंग मुलाला वाचून दाखवला. दुसरीत आहे तो. लगेच प्रश्न आला, "यांना शेपूट का नाही?" माकड, वानर, एप यांत मी स्वतःच गोंधळते. जरा सांगाल का?

पाणकणीस:

टिटवी, शेपूट नसणं हीच पहिली खूण. माकडांना, वानरांनाही, बहुतेक करून शेपूट असते, एपना नसते. मोठ्या एपपैकी गोरिला, चिंपांझी आणि बोनोबो आफ्रिकेतले. आशियात उरलेला मोठा एप एकच, आपला हा. मलय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस, 'हुतान' म्हणजे अरण्य. रानातला माणूस. सुमात्रात त्याला 'मावास' म्हणतात आणि मध्य कालिमांतानमधले ङाजू दायाक लोक 'काहिउ' म्हणतात.

तीन जाती आहेत: बोर्निओची, सुमात्राची आणि तापानुलीची. तापानुली सुमात्रातच, तोबा सरोवराच्या दक्षिणेला बातांग तोरूच्या डोंगरात राहते. ती वेगळी जात आहे हे २०१७ मध्ये जाहीर झालं. तिन्ही जाती अतिसंकटग्रस्त यादीत आहेत.

औदुंबर:

सुंदर धागा. रानाच्या बाजूने थोडं लिहितो, कारण त्या रानाचं वेळापत्रक कळल्याशिवाय ती आठ वर्षं समजत नाहीत.

सदाहरित पावसाळी रान म्हटलं की आपल्याला वाटतं बारमाही फळांची चंगळ. बोर्निओत तसं नाही. तिथली उंच झाडं, डिप्टेरोकार्प कुळातली, वर्षानुवर्षं फळतच नाहीत. मग दोन ते दहा वर्षांतून एकदा, बहुतेक वेळा एल निन्योच्या कोरड्या काळात, मैलोन्मैल सगळी एकदम फुलतात. त्यांच्याबरोबर इतर कितीतरी झाडं बहरतात. बिया खाणाऱ्यांनी कितीही खाल्ल्या तरी काही उरतातच, असा हिशोब त्यामागे असावा असं मानतात. त्या महिन्यांत ओरांगउटान पोट फुटेस्तोवर खातात आणि चरबी साठवतात. नंतर दुष्काळ. बोर्निओतल्या गुनुंग पालुंगच्या रानात संशोधक शेरिल नॉट यांनी ओरांगउटानची पानांवर पडलेली लघवी गोळा करून तपासली. फळं नसलेल्या महिन्यांत त्यात कीटोन सापडले. म्हणजे शरीर स्वतःची चरबी जाळत होतं.

अशा वेळी तगवतात ती सालं. झाडाची साल दातांनी सोलून आतला ओलसर थर चघळायचा. कोवळी पानं, वाळवी, मुंग्या. आणि उंबर-वडाच्या कुळातली झाडं, कारण ती एकेकटी, आपापल्या वेळेला फळतात, कुणाची वाट बघत नाहीत. माझं नाव त्यांच्यावरून घेतलेलं असल्याने मला याचा आनंद जरा जास्त होतो.

आता पिल्लाच्या जागी स्वतःला ठेवा. खाण्याजोग्या शेकडो वनस्पती आहेत. कुठलं झाड कुठे आहे, कधी पिकतं, कुठल्या फळाचा गर चालतो आणि बी कडू आहे, कुठल्या वेलीची साल अडचणीला चालते, हे पाठ करायला दोन-तीन वर्षं पुरणार नाहीत. पाच वर्षांनी एकदा येणारा बहर बघायचाच असेल, तर आईबरोबर पाच वर्षं राहावंच लागतं.

मारवा:

औदुंबर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबलो. असा विचार केला नव्हता.

नरांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पूर्ण वाढलेल्या नराच्या गालांना दोन्हीकडे जाड मांसल पाळ्या येतात, गळ्याखाली पिशवी लोंबते. वजन ८०-९० किलोपर्यंत, मादीच्या दुप्पट. एवढं धूड झाडावर राहतं आणि बहुतेक काळ एकटं राहतं. संध्याकाळी किंवा पहाटे तो दीर्घ साद घालतो. ती गुरगुरण्यापासून चढत गर्जनेपर्यंत जाते आणि हुंकारत विरते. किलोमीटरभर ऐकू येते.

मात्र सगळ्या प्रौढ नरांना गालपाळ्या येत नाहीत. काही नर वर्षानुवर्षं मादीएवढ्याच अंगाचे राहतात, गाल साधे, आवाज साधा. ते पिल्लांचे बाप होऊ शकतात. आणि मग कधीतरी, दहा-वीस वर्षांनीसुद्धा, काही महिन्यांच्या आत अंग भरतं, पाळ्या फुटतात. एकाच जातीत पुरुषपणाचे दोन रस्ते.

२०१३ मध्ये सुमात्रातल्या निरीक्षणांवरून संशोधक कारेल फान शाइक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की संध्याकाळी नर ज्या दिशेला तोंड करून साद घालतो, दुसऱ्या दिवशी तो साधारण त्याच दिशेने प्रवास करतो. रात्रभर झोपून उठल्यावरही. म्हणजे उद्याचा बेत तो आज ठरवतो आणि सगळ्या रानाला सांगून झोपतो. ज्या मादीला त्याच्या जवळपास राहायचंय ती राहते, ज्या लहान नराला त्याला टाळायचंय तो टाळतो. एकटे राहतात म्हणून त्यांना समाज नाही असं म्हणणं मला तेव्हापासून जमत नाही.

कातळ:

यातलं किती उपजत आणि किती शिकलेलं, हा माझा नेहमीचा प्रश्न. त्याचं एक उत्तर नदीने दिलंय.

सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्याजवळ सुआक बालिंबिंगची दलदल आहे. तिथे नीसिया नावाचं झाड. फळ जाड सालीचं, पिकलं की उकलतं, आत तेलकट पौष्टिक बिया, पण त्यांच्याभोवती काचेच्या तंतूंसारखी टोचरी लव. हात घातला तर सोलून निघेल. सुआकचे ओरांगउटान काडी घेतात, तिची साल काढतात, ती दातांत धरून फटीत घालतात, लव झाडतात आणि बिया बाहेर काढतात. आता गंमत बघा. आलास नदीच्या पलीकडेही तसलीच दलदल, तेच झाड, तेच फळ, तीच जात. पण तिथे काडी कुणी वापरत नाही. नदी रुंद आहे, ओरांगउटान पोहत नाहीत, त्यामुळे ही युक्ती पलीकडे पोचलीच नाही. उपजत असती तर दोन्ही काठांवर दिसली असती.

सुआकमध्ये माणसांची वस्ती... चुकलो, ओरांगउटानची वस्ती दाट आहे. दाट वस्तीत पिल्लाला आईखेरीज इतरांकडेही बघायला मिळतं. पिल्लं काय करतात तर टक लावून बघतात. आईच्या तोंडापासून वितीवर तोंड नेऊन, ती काय खाते ते मिनिटंमिनिटं बघत राहतात. नवीन किंवा अवघड काही असेल तर जास्त वेळ. संशोधक या टक लावण्याचीच नोंद ठेवतात.

शमा:

सुआकचाच राकुस नावाचा नर सगळ्यांना आठवत असेल. २०२२ च्या जूनमध्ये त्याच्या गालाला जखम झाली. त्याने 'आकार कुनिंग' नावाच्या वेलीची पानं चावली, गिळली नाहीत, रस बोटाने पुन्हा पुन्हा जखमेवर लावला आणि शेवटी चावलेल्या पानांचा लगदा जखमेवर थापला. पाच दिवसांत जखम मिटली. तिथली माणसंही ही वेल औषधाला वापरतात. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

कातळ:

शमा, राकुसची नोंद फार मोलाची आहे. पण ती एका नराची, एका जखमेची नोंद आहे, एवढं धरून चालूया. "ओरांगउटान वैद्य असतात" अशा फॉरवर्ड होत फिरणाऱ्या चित्रांनी तिचं वजन कमी होतं. बोर्निओत सबांगाउच्या रानात मात्र ड्रासिना नावाच्या वनस्पतीची पानं चावून त्याचा फेस हातापायांवर चोळताना एकाहून अधिक ओरांगउटान दिसले आहेत, आणि तिथले लोक तीच वनस्पती दुखऱ्या सांध्यांना लावतात. या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या की जास्त कळतं.

रेवा:

सगळं वाचून जीव हरखतो आणि मग आठवतं की हे सगळं पामतेलासाठी कापलं जातंय. मी तीन वर्षांपूर्वी पामतेल असलेली प्रत्येक वस्तू बंद केली. साबण, बिस्किटं, सगळं. प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं.

मेघ:

रेवा, तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही, पण बहिष्काराबद्दल माझं मत वेगळं आहे. एका हेक्टरातून पाम जेवढं तेल देतो तेवढं सोयाबीन किंवा सूर्यफूल देत नाही, कित्येक पटींचा फरक आहे. जगाने पाम सोडून दुसरं तेल धरलं तर जमीन जास्त लागेल. २०१८ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या अहवालाने हेच सांगितलं: नऊपटीपर्यंत जास्त जमीन. मग रान तुटेल ते दुसऱ्या खंडातलं. प्रश्न कुठल्या जमिनीवर लावता हा आहे.

आणि सगळा दोष पामचा नाही. १९९६ मध्ये इंडोनेशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने मध्य कालिमांतानमध्ये दहा लाख हेक्टर दलदलीच्या रानात भातशेती करायची ठरवली. ही जमीन म्हणजे पीट, न कुजलेल्या पानालाकडाचा काही मीटर जाडीचा थर, पाण्यात भिजलेला म्हणून टिकलेला. पाणी काढायला हजारो किलोमीटर कालवे खणले. भात आला नाही. पीट वाळलं. १९९७ च्या एल निन्योमध्ये पेटलं. पीटची आग जमिनीखालून सरकते, वरून विझली असं वाटतं आणि शंभर फुटांवर पुन्हा धूर येतो. योजना गुंडाळली, कालवे तसेच राहिले. २०१५ मध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळलं. धुरात नरांच्या सादा कमी होतात, पिल्लं खोकतात.

रेवा:

मेघ, कालव्यांबद्दल मला माहीत नव्हतं. रात्री बराच वेळ वाचत बसले. नऊपट जमिनीचा मुद्दाही पटला. तरी माझ्या घरात ते तेल परत येणार नाही, कारण कुठलं कुठल्या रानातून आलंय हे पाकिटावर मला दिसत नाही. ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी पुन्हा विचार करेन.

मेघ:

हे म्हणणं रास्त आहे.

ओंजळ:

मी इथे क्वचित लिहिते. पशुवैद्य आहे. काही वर्षांपूर्वी कालिमांतानमधल्या एका पुनर्वसन केंद्रात दोन वर्षं काम केलं. केंद्राचं नाव लिहीत नाही. पाणकणीस, "आई गेली तर काय होतं" असं विचारलंत, त्याबद्दल.

आई जिवंत असताना तिचं पिल्लू कुणाच्या हाती लागत नाही. त्यामुळे केंद्रात आलेलं प्रत्येक पिल्लू म्हणजे एक मेलेली आई, हे पहिल्याच दिवशी शिकवलं जातं. बहुतेकदा रान तुटल्यावर ती पामच्या मळ्यात कोवळे कोंब खायला आलेली असते. येणाऱ्या प्राण्यांचा एक्सरे काढला की छऱ्यांचे ठिपके दिसतात. २०१९ मध्ये सुमात्रात आचेमध्ये सापडलेल्या एका मादीच्या अंगात ७४ छरे होते. दोन्ही डोळे गेले होते. तिचं महिन्याभराचं पिल्लू वाचलं नाही. तिचं नाव 'होप' ठेवलं, ती बातमी अनेकांनी वाचली असेल. आम्हाला ती बातमी वाटली नाही, कारण ते ठिपके आम्ही रोज बघत होतो.

पिल्लू आलं की आधी विलगीकरण. आपले आजार त्यांना होतात, क्षय, कावीळ, साधं पडसंसुद्धा. मग सांभाळणाऱ्या बायका त्याला अंगावर घेतात, त्याची पकड सुटू देत नाहीत. ती पकड मी विसरणार नाही. चार बोटं मांसात रुततात. झोपेतही सुटत नाहीत.

थोडं मोठं झालं की 'रानशाळा'. रोज सकाळी सगळी पिल्लं रानात न्यायची, संध्याकाळी आणायची. सांभाळणाऱ्या बायका वाळवीचं वारूळ फोडून दाखवतात, पानं तोंडात घालून दाखवतात, जमिनीवर रेंगाळणाऱ्याला पुन्हा पुन्हा झाडावर चढवतात. माझ्या वेळी एक नर पिल्लू होतं, तीनेक वर्षांचं, साखळीला बांधून माणसाच्या घरात वाढलेलं. ते झाडाकडे बघायचंच नाही. भात दिला की खायचं. त्याला कमरेएवढ्या फांदीवर बसायला सात महिने लागले. एका माणसाची जबाबदारी तेवढीच होती, त्याच्याशेजारी त्या फांदीवर बसायचं.

आम्ही किती शिकवणार हो? जिला ते रान तिच्या आईकडून मिळालं होतं, तिच्या डोक्यातला नकाशा आमच्याकडे कुठून येणार? औदुंबर यांनी लिहिलेला तो पाच वर्षांनी येणारा बहर, त्या वेळी कुठल्या डोंगराकडे जायचं, हे आम्ही दाखवू शकत नाही. शाळेनंतर नदीतल्या बेटांवर त्यांना काही काळ ठेवतात, मग सुरक्षित रानात सोडतात. सात-आठ वर्षं जातात. तरीही काही पिल्लं कधीच सोडण्याजोगी होत नाहीत.

आणि गणित: मादी आयुष्यात चार-पाच पिल्लं देते. वर्षाला शंभरातली एक मादी जरी माणसाच्या हातून गेली तरी ती वस्ती भरून निघत नाही, घटतच जाते. १९९९ ते २०१५ या सोळा वर्षांत बोर्निओतून एक लाखाहून जास्त गेले असा अंदाज आहे. त्यातले बरेच उभ्या रानातून गेले, रान शाबूत असताना, मारले गेल्यामुळे.

शमा:

ओंजळ, तुम्ही लिहिलंत याबद्दल आभार. दोनदा वाचलं.

कातळ:

ओंजळ यांनी लिहिलेलं वाचून इंग्रज निसर्ग-अभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस आठवला. १८५५ मध्ये बोर्निओतल्या सारावाकमध्ये संग्रहालयांसाठी तो ओरांगउटान मारत होता. एका मारलेल्या मादीचं पिल्लू चिखलात सापडलं. ते त्याने घरी आणलं. दूध मिळेना, भाताची पेज पाजली. ते सतत काहीतरी केसाळ धरायला शोधायचं, म्हणून त्याने म्हशीच्या कातड्याची गुंडाळी करून टांगली. पिल्लू तिला बिलगलं, चोखायला लागलं, केस तोंडात जाऊन गुदमरायला लागलं, म्हणून ती काढून टाकावी लागली. जवळजवळ तीन महिने सांभाळल्यावर ते वारलं. वॉलेसला त्याचा फार लळा लागला होता, त्याने तसं लिहून ठेवलंय. त्याच हातांनी आईला गोळी घातली होती. मला या माणसाचा रागही येतो आणि ते कातडं टांगणारे हातही दिसतात.

औदुंबर:

तापानुलीबद्दल राहिलं. संपूर्ण जात ८०० पेक्षा कमी, एकाच डोंगराळ रानात, तेही तुकड्यांत विभागलेलं. ही तिन्हींतली सगळ्यात जुनी शाखा मानली जाते. आणि त्याच रानात ५१० मेगावॅटच्या जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू केलं गेलं. वीज हवी हे मान्य, पण जगातल्या सगळ्या जागा सोडून हीच?

एक चांगली गोष्टही सांगतो. बोर्निओच्या मलेशियाकडच्या भागात, साबामध्ये, किनाबातांगान नदीच्या काठचं रान मळ्यांनी तुकडे तुकडे झालंय. 'हुतान' नावाची संस्था तिथे ओढ्यांवर दोरांचे पूल बांधते, जुने अग्निशामक पाइप वापरून. पहिले पूल २००३ मध्ये बांधले. माकडं लवकर जायला लागली. ओरांगउटान पुलावरून जातानाचं पहिलं छायाचित्र २०१० मध्ये मिळालं. सात वर्षं लोकांनी दोर दुरुस्त केले आणि वाट बघितली.

टिटवी:

सगळं मुलाला सांगण्यासारखं नाही, पण पुलांचं सांगितलं. त्याचा आजचा प्रश्न: पिल्लू रात्री कुठे झोपतं? स्वतःचं घरटं करतं का?

पाणकणीस:

टिटवी, हे मी बघितलंय, म्हणून सविस्तर सांगते त्याला.

रोज संध्याकाळी नवं घरटं. आई जाड फांद्या आत वाकवते, अर्ध्या मोडते, पूर्ण तोडत नाही, म्हणजे त्या धरून राहतात. त्यावर बारीक डहाळ्या विणते, मग पानांची गादी. पाऊस असेल तर डोक्यावर पानांचं छप्पर. सगळं दहा मिनिटांच्या आत. पिल्लू वर्षाचं व्हायच्या आधीपासून खेळत खेळत फांद्या वाकवायला लागतं आणि तीन-चार वर्षांचं झालं की त्याला बरंचसं जमतं.

आम्ही बघितलेल्या पिल्लानेही केलं. आई शेजारच्या झाडावर तिचं विणत होती, तेवढ्या वेळात त्याने आपल्या फांदीवर चार डहाळ्या वाकवल्या, वर पानं टाकली, थोपटली. बसलं. एक डहाळी सुटून वर आली, ती पुन्हा खाली दाबली, पायाने धरून ठेवली. काही मिनिटं तसंच बसून राहिलं. तोवर अंधार दाटत आला होता, दूरवर कुठेतरी एका नराची साद सुरू झाली. पिल्लाने मान वर केली, ऐकलं, आपलं घरटं तसंच टाकून उठलं आणि आईच्या घरट्यात शिरलं. पानं हलली. मग फक्त तिचा एक हात बाहेर दिसत होता, कडेची फांदी धरलेला.

टिटवी:

सांगितलं. तो म्हणाला, "मग ते मोठं झाल्यावर पण आईला भेटायला येतं का?"

पाणकणीस:

मुली येतात. त्या आईच्या रानाला लागूनच आपलं रान धरतात, कधी स्वतःचं पिल्लू घेऊन एकाच झाडावर दोघी खाताना दिसतात. मुलगे लांब जातात.

त्याला सांग, विचारत राहा.